गिरणीतील उत्पादननियंत्रण आणि कागदाचा भार

कारखान्यातील कागदपत्रांचा पसारा कमी कसा करावा, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या पाठीशी त्याच्या बाल्यावस्थेपासूनच लागलेला आहे. या प्रश्नाची चर्चा सामान्यतः एका गृहीतावर उभी असते. कागद हा उत्पादनाला चिकटलेला निरुपयोगी भार होय, तो जितका हलका करता येईल तितका बरा, असे ते गृहीत. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव त्याच्यापुढे ठेवला म्हणजे ते अपुरे असल्याचे दिसून येते.

उत्पादननियंत्रणाला दररोज तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : कोणता माल, कोणत्या यंत्रावर आणि केव्हापर्यंत? या तिहींच्या पाठोपाठ चौथा प्रश्न येतोच येतो : हे काम कोणी केले व त्याबद्दल त्याचे काय देणे लागते? पहिले तीन प्रश्न मालाविषयीचे, चौथा माणसाविषयीचा. जुन्या कारखान्यांत या चारही प्रश्नांची उत्तरे बहुधा एकाच चिठ्ठीवर किंवा एकाच वहीत लिहिली जात. साहजिकच ती चिठ्ठी रद्द करू म्हणणारा सुधारक चारही उत्तरे एकदम रद्द करीत असतो, आणि हे पुष्कळदा त्याच्या ध्यानातही येत नाही. मालाचा कागद आणि माणसाचा कागद या दोन भिन्न वस्तू आहेत. मालाचा कागद कमी करणे हे नियंत्रणाच्या कौशल्याचे लक्षण होय. माणसाचा कागद कमी झाला की त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे प्रस्तुत लेखात पुढे यावयाचेच आहे.

या विषयाच्या इतिहासाचा आरंभ कॅप्टन हेन्री मेटकाफ यांच्यापासून करणे सोयीचे. मेटकाफ हे अमेरिकन सैन्याच्या शस्त्रनिर्मिती विभागातील अधिकारी. फिलाडेल्फिया येथील फ्रँकफर्ड शस्त्रागारात काम करताना कारखान्यातील नोंदींची जुनी पद्धत त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. हुकूम तोंडी सुटत. फोरमन ते आपल्या वहीत सवडीने टिपून ठेवी. आणि हिशेबखाते त्या वह्यांवरून खर्चाचा अंदाज बांधी. वहीचा मोठा दोष असा की, मजकूर ज्या क्रमाने लिहिला गेला त्याच क्रमात तो कायमचा अडकून पडतो. एखाद्या कामाचा एकूण खर्च काढावयाचा झाल्यास अनेक वह्यांतील नोंदी पुन्हा उतरून घ्याव्या लागतात. मेटकाफ यांनी वही मोडली व तिच्या जागी सुटी कार्डे आणली. एका व्यवहाराला एक कार्ड, त्यावर हुकमाचा क्रमांक, कामगाराची खूण आणि लागलेला वेळ किंवा माल. हीच कार्डे हुकमाच्या क्रमांकाने लावली की कामाचा खर्च निघे. कामगारांप्रमाणे लावली की वेतन निघे. खात्यांप्रमाणे लावली की खात्यांचा खर्च निघे. एकदा लिहावे आणि अनेकदा लावावे, हे त्या योजनेचे मर्म होते. १८८५ साली त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८८६ मध्ये शिकागो येथे भरलेल्या अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या सभेपुढे तिचे विवेचन केले. अभियंत्याने अर्थशास्त्रज्ञही असले पाहिजे, असे प्रतिपादन करणारा हेन्री टाऊन यांचा सुप्रसिद्ध निबंधही त्याच सभेत वाचला गेला. टाऊन यांचा निबंध आजही आठवला जातो आणि मेटकाफ यांची कार्डे मात्र विस्मृतीत गेली, हे थोडे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

मेटकाफ यांच्या कार्डांतून कागद घटला तो पुनर्लेखन वाचल्यामुळे. फ्रेडरिक टेलर यांच्या हाती हाच विचार उलट दिशेला वळला. १९०३ सालच्या 'शॉप मॅनेजमेंट' या निबंधात त्यांनी एका फोरमनच्या जागी आठ कार्यविशिष्ट फोरमन नेमण्याची योजना मांडली. त्यांपैकी चौघे नियोजनकक्षात बसावयाचे. आणि त्या चौघांपैकी तिघांचे काम, म्हणजे कामाचा मार्ग ठरविणे, सूचनापत्रे तयार करणे आणि वेळ व खर्च टिपणे, हे निखळ कागदाचे होते. कामगाराच्या व फोरमनच्या डोक्यातील ज्ञान काढून ते कचेरीत आणावयाचे, तर त्याला वाहन कागदाचेच हवे. टेलर यांच्या पद्धतीवर कारकुनांची संख्या वाढविल्याचा आक्षेप त्या काळीच घेतला गेला. आक्षेप खरा होता. मात्र आक्षेपकांनी एक गोष्ट वगळली. ज्ञान कचेरीत आणल्याने अधिकारही कचेरीत आला, आणि टेलर यांना नेमके तेच हवे होते. वाढलेला कागद हे त्या स्थलांतराचे भाडे होते.

पुढे ते भाडे कमी करण्याची यांत्रिक साधने निघाली. जर्मनीत १९२३ च्या सुमारास विल्हेल्म रिट्झरफेल्ड यांनी स्पिरिटवर चालणारे प्रतिलेखन यंत्र तयार केले. या जातीच्या यंत्रांच्या पुढील आवृत्त्यांत एका मूळ पत्रावरील हव्या त्याच ओळी निवडून छापता येऊ लागल्या. त्यामुळे मार्गपत्र, प्रत्येक क्रियेचे जॉब कार्ड, भांडाराकडील इंडेंट आणि तपासणीची चिठ्ठी हे सर्व एकाच लिखाणातून निघू लागले. उतरून घेताना होणाऱ्या चुका त्यामुळे थांबल्या हे निश्चित. परंतु प्रत काढणे स्वस्त झाले की प्रती वाढतात. जेथे तीन प्रती पुरत तेथे सहा निघू लागल्या व त्या सहा ठेवण्यासाठी कपाटे आली. लिहिण्याचे श्रम वाचविणे आणि कागद कमी करणे या दोन गोष्टी एकच नव्हेत.

आता मुंबईकडे वळावयाचे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. १८७५ मध्ये गिरणीमालकांचा संघ स्थापन झाला, तोवर गिरणधंद्याने शहरात मूळ धरले होते. या गिरण्यांत उत्पादननियंत्रणाचा कागद आरंभी फारच थोडा होता. याचे पहिले कारण उत्पादनाच्या स्वरूपातच आहे. परळ आणि माटुंगा येथील रेल्वेच्या कारखान्यांशी तुलना केल्यास ते स्पष्ट होईल. इंजिन दुरुस्तीस आले म्हणजे त्याचे शेकडो भाग सुटे होतात. प्रत्येक भाग वेगळ्या मार्गाने ओतशाळेत, लोहारखान्यात, लेथवर जातो. आणि सर्वांनी एका दिवशी पुन्हा एकत्र यावयाचे असते. कोणता भाग कोठे आहे हे कागदावाचून सांगणे तेथे दुरापास्त. गिरणीत तसे नाही. कापूस ब्लोरूममध्ये शिरतो. तेथून कार्डिंग, ड्रॉइंग, रोविंग, रिंग, वाइंडिंग, वार्पिंग, सायझिंग अशा पायऱ्या ओलांडीत साच्यावर येतो. मार्ग एकच, आणि तो इमारतीच्या रचनेतच कोरलेला. मार्गपत्राची गरज येथे भिंतींनी भागविली आहे. ब्रिटिश अभियंते जॉन बर्बिज यांनी पुढे आग्रहाने मांडलेले सूत्र, म्हणजे मालाचा प्रवाह सोपा केला की नियंत्रण आपोआप सोपे होते, ते सूतगिरणीच्या बाबतीत जन्मतःच सिद्ध होते.

दुसरे कारण जॉबर. गिरणीकामगार ज्याला कधी मुकादम म्हणत आणि वाइंडिंग-रीलिंग खात्यांतील बायका जिला नायकीण म्हणत, त्या व्यक्तीच्या ठायी गिरणीचे अर्धे दप्तर साठविलेले असे. कामगार भरणे, गैरहजराच्या जागी बदली उभा करणे, यंत्रात बिघाड झाल्यास तो काढणे, कोणत्या साच्यावर कोणता कामगार नीट चालेल हे ठरविणे, ही सर्व कामे तो करी. वरिष्ठ तंत्रज्ञांपैकी अनेकजण आरंभीच्या काळात लँकेशायरहून आलेले. कामगार रत्नागिरी, सातारा या भागांतले, काही विणकर उत्तर हिंदुस्थानातले, बहुसंख्य निरक्षर. अशा ठिकाणी लेखी सूचना काढून ती वाचावयाची कोणी? साहेबाचा हुकूम जॉबरच्या कानात पडे व तेथून तो खात्यात पसरे. कागदाच्या दृष्टीने पाहिल्यास ही अत्यंत काटकसरीची व्यवस्था होती. मात्र जे ज्ञान लिहिलेले नसते त्याचा एकच मालक असतो. नोकरी मिळविताना व टिकविताना जॉबरचे हात ओले करावे लागत, ही तक्रार सार्वत्रिक होती, आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने कामगार नेमण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा अशी स्पष्ट शिफारस केली. कागद नसल्यामुळे वाचलेला खर्च कामगार आपल्या खिशातून भरीत होता, असा या शिफारशीचा अर्थ लावण्यास हरकत नाही.

जॉबरच्या स्मरणशक्तीवर दुसऱ्या बाजूनेही ताण येत होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडे सूत काढून चीनला पाठवीत. ती बाजारपेठ हातची गेल्यावर त्यांना देशातील कापडाच्या बाजाराकडे वळावे लागले. नंबर बारीक झाले, कापडाचे प्रकार वाढले, आणि बाजाराचा कल पाहून ते वारंवार बदलू लागले. चार प्रकारांचे कापड काढणाऱ्या गिरणीला जॉबरची स्मृती पुरत असेल. तेच पन्नास प्रकार झाले की ती पुरेनाशी होते. वीस नंबरच्या सुतात चोवीस नंबरची बॉबिन मिसळली तर कापडात आडवा पट्टा उमटतो, आणि तो दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. येथे गिरण्यांपुढे दोन मार्ग होते : प्रत्येक पेटीसोबत चिठ्ठी पाठविणे, अथवा चिठ्ठीचे काम मालाकडूनच करवून घेणे. गिरण्यांनी बव्हंशी दुसरा मार्ग पत्करला, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत बोधप्रद आहे.

प्रत्येक नंबराच्या सुताला वेगळ्या रंगाची बॉबिन वा कोन देणे हा त्यांतील सर्वांत साधा उपाय. निळ्या बॉबिनांच्या रांगेत एक लाल बॉबिन आली तर अक्षरशत्रू डॉफरलाही ती क्षणात खटकते. येथे माहिती वाचावी लागत नाही, ती नजरेत भरते. आणि माल व त्याची माहिती यांची ताटातूट होण्याचा संभव जवळजवळ राहात नाही. चिठ्ठी गळून पडते, रंग गळून पडत नाही. दुसरे उदाहरण याहूनही मार्मिक आहे. सायझिंग खात्यात, म्हणजे ताण्याला खळ देण्याच्या खात्यात, यंत्रावरच एक खूणयंत्र बसविलेले असते. ठराविक लांबीचा ताणा पुढे सरकला की ते त्यावर रंगाची खूण उमटविते. बीम साच्यावर चढल्यानंतर विणकराला तागा कोठे कापावयाचा हे गज घेऊन मोजावे लागत नाही किंवा कागदावर पाहावे लागत नाही. खूण साच्यावर आली की तागा पुरा झाला. सायझिंग खात्याने विणाई खात्याला दिलेली ही सूचना सुतावरच लिहून पाठविलेली असते. तागा उतरविला की त्याच्या टोकाशी साच्याचा क्रमांक घालीत, त्यामुळे घडी खात्यात दोष सापडल्यास तो कोणत्या साच्यावर झाला हेही कापडच सांगे. रोविंग व रिंग यंत्रांवरील हँक-मीटर आणि साच्यावरील पिक-काउंटर ही याच जातीची साधने. उत्पादनाचा आकडा यंत्र स्वतः धरून ठेवते. कारकुनाने पाळी संपताना तो फक्त उतरून घ्यावयाचा.

मालावरच माहिती घालण्याचा हा प्रघात गिरणीपुरता मर्यादित नाही, आणि तो शोधण्यास मुंबईबाहेर जावे लागत नाही. १९७१ साली वांद्र्याहून देवनार येथे आलेल्या महानगरपालिकेच्या पशुवधगृहात पशुवैद्यकीय तपासणीचा निकाल मांसावर शिक्का उठवून दिला जातो. खाटकाच्या दुकानी पोचेपर्यंत तो मालाबरोबरच राहतो. डबेवाल्यांचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. डब्याच्या झाकणावरील रंगीत अक्षरे व अंक यांतून डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर जावयाचा, हे सर्व कळते. हस्तांतर करताना कोणतीही पावती होत नाही. (त्यांच्या अचूकतेविषयी साठ लाखांत एक चूक असा जो आकडा सांगितला जातो, तो १९९८ मधील एका नियतकालिकातील लेखातून पसरला, तो पद्धतशीर मोजणीचा निष्कर्ष नव्हे. अभ्यासकाने तो वापरताना सावध असावे. डबेवाल्यांच्या पद्धतीचे महत्त्व त्या आकड्यावाचूनही कमी होत नाही.)

जपानमध्ये तोयोता मोटार कंपनीत ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड दशकात जी कानबान पद्धत उभी केली, तिची ख्याती मोठी आहे. कानबान म्हणजे पाटी. सुट्या भागांच्या पेटीसोबत एक पाटी वा कार्ड असते. त्यावर भागाचे नाव, संख्या, कोठून आला व कोठे जावयाचा एवढाच मजकूर. पेटीतील भाग वापरात आले की ते कार्ड मागील खात्याकडे परतते व तेवढेच भाग पुन्हा तयार करण्याचा हुकूम ठरते. कार्ड नाही तर उत्पादन नाही. पेट्यांची संख्या ठरलेली असल्याने कार्डांची संख्याही ठरलेली, आणि तीच कार्डे पुनःपुन्हा फिरत असल्यामुळे नवा कागद जन्मास येत नाही. अमेरिकन व युरोपीय कारखाने त्याच सुमारास संगणकाच्या आधारे वेळापत्रकांचे गठ्ठे छापून घेत होते, हे लक्षात घेतल्यास ओनो यांच्या साधेपणाचे मोल कळते. कानबानची प्रशंसा करणाऱ्यांनी मात्र एका गोष्टीकडे क्वचितच लक्ष वेधले आहे. त्या कार्डावर कामगाराचे नाव नसते. मालाविषयीचे तीन प्रश्न ते सोडविते, चौथ्याला ते स्पर्शही करीत नाही. त्याची सोय कंपनीच्या कर्मचारी विभागात स्वतंत्रपणे झालेली असते. म्हणूनच ते इतके लहान राहू शकले.

नोंदींची संख्या घटविण्याचा आणखी एक उपाय संख्याशास्त्रातून आला. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना आपल्या वरिष्ठांपुढे मांडली ती एका पानाच्या टिपणात. प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले. त्यानंतर भारतीय सांख्यिकी संस्थेने, आणि कापडधंद्यात अहमदाबादच्या संशोधनसंस्थेने व १९५४ मध्ये स्थापन होऊन पुढे घाटकोपर येथे काम करणाऱ्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनने या पद्धतीस चालना दिली. येथे तत्त्व असे की, सर्व माल तपासून सर्व आकडे लिहिण्याऐवजी ठराविक नमुना घ्यावा, आकडा आलेखावर टिंबाने दाखवावा, आणि टिंब मर्यादेबाहेर गेले तरच हालचाल करावी. ज्या नोंदीवरून कोणतीही कृती होत नाही ती नोंद करूच नये, ही शिस्त त्यामागे आहे. गिरण्यांच्या जुन्या दप्तरांत रोज भरले जाणारे व कोणीही न वाचणारे रकाने पुष्कळ होते. त्यांना या पद्धतीने काही प्रमाणात आळा बसला.

हे सर्व मालाविषयी झाले. चौथ्या प्रश्नाचा इतिहास मात्र नेमक्या उलट दिशेने चाललेला दिसतो. तेथे कागद वाढत गेला, आणि तो वाढावा म्हणून झगडणारा पक्ष मालकांचा नव्हता.

वेतन महिन्याचे महिन्याला व तेही उशिरा मिळण्याची रूढी असताना, कामगाराने केलेले काम आणि हाती आलेला पगार यांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडे. या काळात त्याचा हक्क केवळ नोंदीच्या आधारे जिवंत राही. कापडात दोष निघाला की खराब झालेला तागा विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची प्रथा होती. दोष सुताचा, साच्याचा की हाताचा, हे ठरविणारी लेखी व्यवस्था नव्हती. साच्याचा क्रमांक कापडावर असे हे वर आलेच आहे. म्हणजे दोषाचा माग विणकरापर्यंत पोचविणारी खूण मालावर होती, पण त्याच विणकराला वाचविणारी नोंद कोठेच नव्हती. शिवाय एकाच प्रकारच्या कामाला गिरणीगणिक निराळे दर. १९२८ सालच्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात आणि त्यानंतरच्या फॉसेट समितीच्या चौकशीत वेतनाचे प्रमाणीकरण व कामाचे लेखी नियम हे विषय अग्रभागी आले ते यामुळेच. नोकरीच्या अटी लिहून खात्यात लावाव्यात, ही मागणी वरकरणी किरकोळ दिसते. परंतु जो नियम भिंतीवर लिहिलेला आहे तो जॉबरच्या लहरीवर अवलंबून राहात नाही, हे कामगारांनी ओळखले होते. प्रमाणित वेतनश्रेणी मुंबईत प्रत्यक्षात यावयास १९४७ सालचा औद्योगिक न्यायालयाचा निवाडा लागला.

दरम्यान १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची योजना आणली. दर महिन्याच्या आरंभी गिरणीने ठराविक संख्येच्या बदली कामगारांना कार्डे द्यावयाची. त्यांनी रोज सकाळी दाराशी हजर राहावयाचे. आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, अशी ती योजना. त्यापूर्वी गिरणीच्या दाराशी जमलेल्या गर्दीतून जॉबरच्या बोटाने बदलीची निवड होत असे. पुठ्ठ्याच्या एका लहानशा तुकड्याने त्या बोटाची सत्ता बरीचशी हिरावून घेतली. उत्पादननियंत्रणाच्या कोणत्याही ग्रंथात या कार्डाचा उल्लेख सापडणार नाही. तथापि उद्या सकाळी साच्यासमोर माणूस उभा असेल की नाही, हा प्रश्न उत्पादननियंत्रणाचा नव्हे असे कोण म्हणेल?

कायद्याने याच दिशेला आणखी पावले टाकली. १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्याने पगाराचा दिवस व कपातीची मर्यादा ठरविली. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे आवश्यक केले आणि पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापडधंदा होता. जॉबरच्या डोक्यातील दप्तर आता कचेरीत आले. आणि ते सांभाळण्यास जॉबर किंवा हिशेबनीस यांहून वेगळा, कामगारप्रश्नांचे शिक्षण घेतलेला माणूस लागू लागला. १९३६ साली नागपाडा येथे सुरू झालेली आणि १९५४ मध्ये देवनारच्या आवारात आलेली टाटा समाजविज्ञान संस्था अशा शिक्षणाचे मुंबईतील प्रमुख केंद्र ठरली. टेलर यांनी ज्ञान कचेरीत नेले ते नियंत्रणासाठी. येथे ते कचेरीत नेले गेले ते निदान अंशतः संरक्षणासाठी. स्थलांतर तेच, हेतू भिन्न. नव्या कचेरीने हेतू नेहमीच पाळला असे मात्र म्हणता येणार नाही. बदली म्हणून वर्षानुवर्षे राबलेली माणसे हजेरीपटावर बदलीच राहिल्याची उदाहरणे थोडी नव्हती.

साच्यावरील पिक-काउंटर या दोन्ही कागदांच्या सीमेवर उभा आहे. नियंत्रणाच्या दृष्टीने तो मालाची मोजणी करणारे यंत्र. विणकराच्या दृष्टीने तो त्याच्या मजुरीचा साक्षीदार. काउंटर बसल्याने तागा उतरण्याची वाट न पाहता पाळीचे काम पाळीगणिक मोजता येऊ लागले आणि दोन पाळ्यांच्या विणकरांमधील वाद पुष्कळ मिटले. परंतु आकडा यंत्रावरून वहीत उतरतो तो कारकुनाच्या हातून, आणि दुसऱ्या पाळीत चक्र पुढे गेले की पहिला आकडा यंत्रावर उरत नाही. मग वहीतील आकडा हाच एकमेव पुरावा. अशा वेळी त्या नोंदीची एक प्रत विणकराच्या हाती असणे हे नियंत्रणाच्या दृष्टीने अनावश्यक कागदाचे उदाहरण आहे, आणि न्यायाच्या दृष्टीने अत्यावश्यक कागदाचे.

या भेदाची खरी परीक्षा गिरण्या बंद पडल्यावर झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद झाल्या. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग गिरणीकामगारांच्या घरांसाठी राखून ठेवला गेला व १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरीस असलेले कामगार वा त्यांचे वारस यांना अर्ज करण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी पुरावा हवा : गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, रजेचे कार्ड, पगारपत्रक, राज्य विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी. अर्जदारांची संख्या लाखाच्या वर गेली. गिरणीने कोणत्या आठवड्यात कोणत्या नंबराचे किती सूत काढले याची दप्तरे रद्दीत गेली, आणि त्यांची उणीव कोणाला भासली नाही. परंतु कोकणातील एखाद्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेले रजेचे कार्ड तीस वर्षांनंतर मुंबईतील घराच्या हक्काचा आधार झाले. आणि ज्यांच्याकडे ते नव्हते, विशेषतः जे बदली म्हणून राबले होते, त्यांना आपण कधी काळी गिरणीत होतो हेच सिद्ध करणे कठीण गेले.

मुंबईच्या गिरण्यांतील विणाई बंद होत असताना ती भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेली. तेथील लहान कारखान्यांत उत्पादननियंत्रणाचा कागद नावालाच आढळतो. माग थोडे, कापडाचे प्रकार मोजके, व्यापाऱ्याकडून बीम येते आणि विणलेला माल त्याच्याकडे जातो. नियंत्रणाच्या दृष्टीने ही व्यवस्था सुटसुटीत आहे यात शंका नाही. मजुरी विणलेल्या मीटरवर. अनेक कारखाने कामगारसंख्या कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहील अशा बेताने विभागलेले असल्यामुळे हजेरीपट, रजेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी यांपैकी पुष्कळांच्या हाती काहीच नसते. किती मीटर झाले याचा आकडा एका वहीत लिहिला जातो. मालाची मोजणी आणि माणसाचे देणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच वहीत असतात, आणि ती वही मालकाच्या गल्ल्यापाशी राहते.